भाडे एजंटाकडे अडकले आहे आणि घरमालक परदेशात: वसुलीचा क्रम

प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरीनिमित्त परदेशात राहणाऱ्या एका घरमालकाचा पुण्यात फ्लॅट आहे. ओळखीतल्या एका एजंटाला त्यांनी मुखत्यारपत्र दिले. भाडेकरू शोधायचा, करार करायचा, भाडे घ्यायचे आणि आपले कमिशन कापून उरलेली रक्कम पाठवायची, हे त्याचे काम. सुरुवातीला पैसे वेळेवर आले, मग उशिरा, मग अर्धे, आणि आता बरेच महिने काहीच नाही. एजंट कधी म्हणतो भाडेकरू देत नाही, कधी म्हणतो मध्ये घर रिकामे होते, तर कधी फोनच उचलत नाही. पैसे परत कसे मिळवायचे?

मी दिवाणी वकिली करते आणि बाहेर राहणाऱ्या मालकांची अशी प्रकरणे सतत माझ्याकडे येतात. बहुतेक जण येतात तेव्हा एजंटाला शंभर मेसेज पाठवून झालेले असतात आणि प्रत्येक मेसेजचा आशय एकच असतो: "माझे पैसे कधी देणार?" या प्रश्नाला "पुढच्या महिन्यात" एवढे उत्तर पुरते, आणि तेच मिळत राहते. तुम्ही आधी पैसे मागू नका, हिशेब मागा. कोणत्या महिन्यात भाडेकरूकडून किती आले, कोणत्या खात्यात आले, त्यातून काय खर्च झाला, पावती कुठे आहे. हिशेबाला तारीख आणि आकडा लागतो, तिथे टाळाटाळ फार दिवस चालत नाही. शिवाय कायद्याने तुमचा हक्क इथूनच सुरू होतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २१३ प्रमाणे मागणी होताच मालकाला हिशेब देणे एजंटावर बंधनकारक आहे, आणि कलम २१८ प्रमाणे मालकाच्या वतीने मिळालेली रक्कम, स्वतःचे वाजवी येणे वजा करून, मालकाला देणेही बंधनकारक आहे. हे तुमच्या करारात लिहिलेले नसले तरी लागू आहे.

पण हिशेब मागण्याच्याही आधी एक काम आज करायचे आहे. पुढचे भाडे त्याच्या हातात जाणे थांबवायचे.

इथे लोक क्रम चुकवतात. आधी एजंटाशी भांडण काढतात आणि भाडेकरूला काही सांगतच नाहीत. भाडेकरू बिचारा दर महिन्याला इमानेइतबारे त्याच जुन्या खात्यात पैसे भरत राहतो. कलम २०८ सांगते की एजंटाचा अधिकार काढून घेतला, तर ते एजंटाच्या बाबतीत त्याला कळल्यावर लागू होते आणि तिऱ्हाइताच्या बाबतीत त्या तिऱ्हाइताला कळल्यावर. म्हणजे तुम्ही कागदोपत्री मुखत्यारपत्र रद्द केले आणि भाडेकरूला कळवले नाही, तर त्याने त्यानंतर एजंटाला दिलेले भाडेही तुम्हालाच दिल्यासारखे धरले जाईल. ते तुम्हाला त्याच्याकडून दुसऱ्यांदा मागता येणार नाही.

म्हणून भाडेकरूला लेखी कळवा. ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप आणि पोहोच पावतीसह स्पीड पोस्ट, तिन्ही मार्गांनी. भाषा साधी ठेवा. उदाहरणार्थ: "मी सदर फ्लॅटचा मालक आहे. श्री. अमुक यांना भाडे स्वीकारण्याचा दिलेला अधिकार मी आजपासून काढून घेतला आहे. यापुढील भाडे खालील खात्यातच जमा करावे. आजवर आपण त्यांना दिलेल्या भाड्याबद्दल व डिपॉझिटबद्दल माझी आपल्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. त्या रकमांचा तपशील आणि बँकेतील नोंदी मला पाठवल्यास मी आभारी राहीन." शेवटची दोन वाक्ये मुद्दाम घातली आहेत: त्यांनी भाडेकरू निर्धास्त होतो आणि तुम्हाला पुरावाही मिळतो. अनोळखी माणसाने अचानक नवा खाते क्रमांक पाठवला तर भाडेकरूला फसवणुकीचा संशय येणारच, आणि तो यावाच. त्याला मालकीचा पुरावा द्या, म्हणजे इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचे बिल किंवा मालमत्ता कराची पावती. शक्य असेल तर व्हिडिओ कॉलवर बोला.

भाडेकरूशी आदराने वागा, हे मी हक्काने सांगते. तुमच्या सगळ्या प्रकरणातला सर्वांत चांगला साक्षीदार तोच आहे. एजंट म्हणतो भाडे आलेच नाही आणि भाडेकरूच्या बँक पासबुकात दर महिन्याची नोंद आहे, असे झाले की अर्धा दावा तिथेच सिद्ध झाला. चिडून त्याचे पाणी किंवा वीज तोडायची, कुलूप लावायचे, हे मार्ग बेकायदा तर आहेतच, शिवाय त्यातून तुमचा साक्षीदार तुमच्याविरुद्ध उभा राहतो.

आता मुखत्यारपत्र रद्द करण्याविषयी. पुष्कळ मुखत्यारपत्रांत "अपरिवर्तनीय" असा शब्द टाकलेला असतो आणि मालक त्याला घाबरतात. नुसत्या शब्दाने काही होत नाही. एजंटाचा स्वतःचा त्या मालमत्तेत हितसंबंध असेल तरच कलम २०२ आड येते, आणि भाडे गोळा करण्याचे कमिशन हा असा हितसंबंध नव्हे. रद्द करण्याचा लेख करा. मुखत्यारपत्र नोंदणीकृत असेल तर रद्दलेखही नोंदवा. परदेशात असाल तर भारतीय वकिलातीत सही करून तो साक्षांकित करून घेता येतो, किंवा त्या देशात अपॉस्टिलची (कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा यासाठीच्या सरकारी प्रमाणनाची) सोय असेल तर नोटरी आणि अपॉस्टिल. परदेशात सही केलेला दस्त महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते, ही मुदत विसरू नका. रद्द केल्याची प्रत एजंट, भाडेकरू, सोसायटी आणि ज्या बँकेत त्याला व्यवहाराचे अधिकार असतील ती बँक, सर्वांना पाठवा. स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर सूचना दिली तर उत्तम. त्याने तुमच्या नावावर नवा भाडेकरू ठेवून नवे डिपॉझिट उचलू नये, हा त्यातला मुख्य हेतू.

यानंतर पुरावा. इथे मी थोडी जास्त थांबते, कारण दूर बसलेल्या मालकाला वाटते की आपल्याकडे काहीच नाही, आणि ते बहुतेक वेळा खरे नसते.

घर रिकामे होते असे एजंट म्हणतो त्या महिन्यांची विजेची बिले काढा. ग्राहक क्रमांक असला की महावितरणची बिले ऑनलाइन दिसतात. रिकाम्या घरात युनिट जवळपास शून्य असतात. "रिकाम्या" महिन्यांत फ्रिज, गीझर चालल्याइतके युनिट पडले असतील तर घरात कोणीतरी राहत होते, हे सांगायला साक्षीदार लागत नाही. सोसायटीकडे भाडेकरूची नोंद, पोलिस पडताळणीची प्रत, फाटकावरच्या अ‍ॅपमधील नोंदी आणि वाहनाच्या स्टिकरची यादी असते. सोसायटी भाड्याने दिलेल्या घराला बिनभोगवटा शुल्क लावते, त्यामुळे मेंटेनन्सच्या बिलातही घर कधी भाड्याने होते याचा माग राहतो. सचिवांना सभासद म्हणून लेखी अर्ज करा.

लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवलेला असेल तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोध घ्या आणि प्रत मिळवा. अनेकदा पहिला धक्का इथे बसतो. मालकाला पंचवीस हजार भाडे सांगितलेले असते आणि करारात बत्तीस हजार असतात. मालकाला न कळवता एजंटाने त्याच्याच कामातून स्वतःसाठी नफा काढला, तर तो नफा मालकाला मागता येतो, हे कलम २१६ चे तत्त्व आहे. म्हणजे तुमचे येणे फक्त थकलेल्या महिन्यांचे नाही, "वेळेवर आलेल्या" महिन्यांतल्या फरकाचेही आहे. करार नोंदवलाच नसेल तर वेगळी अडचण होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ती जबाबदारी मालकाची, आणि तसा तो नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. तेव्हा नोंदणी नाही हे कळताच भाडेकरूशी थेट नवा करार करा.

आणखी एक कागद लोकांच्या लक्षात येत नाही तो म्हणजे तुमचा फॉर्म २६एएस. भाडेकरूने भाड्यावर कर कापून भरला असेल तर तो तुमच्या पॅनवर दिसतो, आणि कापलेल्या करावरून त्याने किती भाडे दिले ते काढता येते. आयकर खात्याकडे असलेल्या या नोंदीला एजंट काय उत्तर देणार?

डिपॉझिट हिशेबात धराच. ते बऱ्याचदा एजंटाकडेच पडून असते आणि भाडेकरू घर सोडताना ते तुमच्याकडे मागतो. तुमच्या अधिकृत माणसाने घेतले म्हणजे तुम्ही घेतले, त्यामुळे ते परत देण्याची जबाबदारी तुमचीच. मी तर कधीकधी पाहते की थकलेल्या भाड्यापेक्षा डिपॉझिटची रक्कम मोठी निघते.

चॅट पुसू नका, फोन बदलू नका, संपूर्ण संभाषण एक्स्पोर्ट करून ठेवा. इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते आणि मूळ उपकरण हाताशी असेल तर ते देणे सोपे जाते.

एवढे जमले की महिन्यांचा तक्ता करा: करारातले भाडे, भाडेकरूने दिलेले, एजंटाने पाठवलेले, मान्य खर्च, कमिशन, बाकी. आता नोटीस पाठवा. नोटिशीत हा तक्ता जोडा, पंधरा दिवसांत पावत्यांसह हिशेब आणि बाकी रक्कम मागा, व्याज मागा, आणि चाव्या, मूळ करार, कर व बिलांच्या पावत्या परत मागा. व्याजाबद्दल संकोच नको. करार अधिनियमाच्या कलम २१२ खाली दिलेले पहिलेच उदाहरण तुमच्या प्रश्नाचे आहे. कलकत्त्याच्या व्यापाऱ्याचा लंडनमधला एजंट मालकासाठी आलेले पैसे पाठवायचे सोडून बराच काळ स्वतःकडे ठेवतो. कायदा म्हणतो, पैसे ज्या दिवशी द्यायला हवे होते त्या दिवसापासूनच्या व्याजासह तो देणे लागतो. दूर असलेला मालक आणि पैसे अडवून बसलेला एजंट हा प्रश्न १८७२ मध्येही नवा नव्हता.

कमिशनचे काय? ज्या कामात एजंटाने गैरवर्तन केले त्या कामाच्या मोबदल्यावर कलम २२० प्रमाणे त्याचा हक्क राहत नाही. पण उलट बाजूही लक्षात ठेवा. त्याचे खरोखरचे काही येणे असेल तर कलम २२१ प्रमाणे तो तुमचे कागद अडवून धरू शकतो. मूळ कागद तातडीने हवे असतील तर ती छोटी वादग्रस्त रक्कम हक्क राखून देऊन कागद सोडवणे शहाणपणाचे ठरते. रागाच्या भरात हे पटत नाही, तरी विचार करा.

नोटिशीनंतर बहुतेक एजंट बोलायला येतात. "थोडे थोडे देतो" म्हणतात. द्यायला तयार असेल तर घ्या, पण तीन गोष्टी करूनच. पहिली, एकूण बाकी किती हे त्याच्या सहीने लिहून घ्या. दावा लावण्याच्या मुदतीच्या आत दिलेल्या लेखी कबुलीमुळे त्या तारखेपासून ती मुदत नव्याने मोजली जाते. दुसरी, आलेली प्रत्येक रक्कम कोणत्या महिन्याच्या बाकीपोटी जमा केली ते लगेच ईमेलने कळवा. त्याने पैसे देताना काही सांगितले नसेल तर कुठल्या बाकीत जमा करायचे हे तुम्हाला ठरवता येते, आणि ते सर्वांत जुन्या महिन्यांत जमा करा. तिसरी, हप्त्यांचे पुढील तारखांचे चेक घ्या. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांत वटवायला टाका. तो परत आला तर बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस त्याला, आणि ते संपल्यापासून एक महिन्यात फौजदारी तक्रार, असा परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (चेकसंबंधीच्या कायद्याच्या) कलम १३८ चा रस्ता आहे. या तारखा कोर्ट काटेकोरपणे पाहते. परदेशात राहून त्या सांभाळायच्या तर चेक इथल्या विश्वासू माणसाकडे ठेवा.

मुदतीबद्दल स्पष्ट सांगते, कारण यात माणसे खरोखर पैसे गमावतात. एजंटाने घेतलेल्या आणि हिशेब न दिलेल्या रकमेसाठी मुदत तीन वर्षांची आहे. एजन्सी चालू असताना हिशेब मागितला आणि त्याने नाकारला तर नकारापासून, तशी मागणी झाली नसेल तर एजन्सी संपल्यापासून. तुम्ही परदेशात होता म्हणून ही मुदत वाढत नाही. "सुट्टीत आलो की बघू" असे म्हणत दोन दिवाळ्या जातात आणि मग वकिलाला तारखांशी झगडावे लागते.

आता कुठे जायचे. चार दारे आहेत आणि प्रत्येकाचा उपयोग वेगळा.

एजंट नातेवाईक किंवा शेजारी असेल तर मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व तडजोडीचा अर्ज सुचवते. लोकअदालतीत तडजोड झाली की तिला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ मिळते आणि त्यावर अपील नसते. घरातल्या माणसाला कोर्टात खेचले असे वाटत नाही, आणि त्याने शब्द मोडला तर थेट दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करता येते. त्याने यायचे नाकारले तर मात्र तिथे जबरदस्ती नाही.

एजंट म्हणजे शुल्क घेऊन घरांची देखभाल करणारी कंपनी किंवा व्यावसायिक असेल तर ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मुळे तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो तिथल्या आयोगाकडेही तक्रार करता येते. पुण्यात फ्लॅट आणि नोकरी बेंगळुरूला, अशा मालकासाठी ही मोठी सोय आहे. तक्रार ऑनलाइन दाखल होते. मुदत इथे दोनच वर्षे. समोरून "हा व्यापारी हेतू आहे, हे ग्राहक नाहीत" असा बचाव येतो. स्वतःचे एखादे घर भाड्याने दिलेल्या माणसाने त्याला घाबरू नये, पण पाच-सहा फ्लॅट असतील तर आधी विचार करा. बरेच लोक महारेराकडे धाव घेतात. तिथली एजंट नोंदणी प्रकल्पांतील विक्रीच्या व्यवहारांसाठी आहे, भाड्याच्या हिशेबासाठी नाही, तेव्हा तिथे वेळ घालवू नका.

दिवाणी दावा हा मुख्य रस्ता. रक्कम नक्की असेल आणि लेखी करार किंवा त्याची सही असलेली कबुली असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खालील संक्षिप्त दाव्याचा प्रयत्न करता येतो, ज्यात प्रतिवादीला बचाव करण्यासाठी आधी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. म्हणूनच त्या एका पानाच्या कबुलीसाठी मी एवढा आग्रह धरते. रक्कम नक्की नसेल तर हिशेबाचा दावा. त्यात कोर्ट आधी हिशेब घेण्याचा प्राथमिक हुकूमनामा करते आणि मग रकमेचा अंतिम. एजंट स्वतःची मालमत्ता विकून मोकळा होण्याच्या बेतात असेल तर निकालाआधी जप्तीचा अर्ज करता येतो, पण नुसत्या संशयावर तो मिळत नाही.

दाव्यासाठी इथल्या भावाला किंवा बहिणीला मुखत्यारपत्र देता येते. मात्र त्यांना जे स्वतः माहीत नाही त्याबद्दल ते तुमच्या जागी साक्ष देऊ शकत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानकी भोजवानी प्रकरणात सांगितले आहे. एजंटाशी ठरले काय होते हे तुम्हालाच सांगावे लागेल. त्यासाठी व्हिडिओ कॉन्फरन्सने साक्षीची परवानगी मागता येते.

चौथे दार पोलिसांचे. विश्वासाने सोपवलेली रक्कम अप्रामाणिकपणे स्वतःसाठी वापरणे हा फौजदारी विश्वासघात आहे. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहितेचे कलम ३१६ लागते, त्याआधीच्यांना जुन्या दंड संहितेची कलमे ४०६ किंवा ४०९. एजंटाने आपल्या धंद्याच्या ओघात असा विश्वासघात केला तर शिक्षा बरीच कडक आहे. पोलिस ठाण्यात मात्र "हे दिवाणी आहे" असे ऐकावे लागेल, आणि उशीर किंवा हिशेबातला मतभेद एवढेच असेल तर ते बरोबरही असते. फरक पडतो तो खोटेपणाच्या पुराव्याने: भाडे आल्यावरही ते आले नाही असे लिहिणे, कमी भाडे दाखवणे, खोट्या दुरुस्तीची बिले, तुमची बनावट सही. असे कागद असतील तर तक्रार जरूर करा. ठाण्याने घेतली नाही तर पोलिस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे लेखी अर्ज करा, आणि त्यानंतर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५ खाली दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. पण फौजदारी खटला शिक्षेसाठी असतो. तुमचे पैसे त्यातून आपोआप येत नाहीत, म्हणून दिवाणी दाव्याची मुदत त्या नादात जाऊ देऊ नका.

करासंबंधी एक गोष्ट. भाडेकरूने तुमच्या एजंटाला दिलेले भाडे तुमच्या हातात आले नाही म्हणून विवरणपत्रातून वगळू नका. ते तुमच्या अधिकृत माणसाला मिळाले आहे. आणि मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने भाड्यातून कर कापायला हवा असतो. एजंटाने मालक परदेशात असल्याचे सांगितलेच नसेल तर तो कापला गेलेला नसतो, आणि त्याचा त्रास भाडेकरूला होतो. नव्या खात्याचा तपशील देताना हेही त्याला सांगा आणि सीएला लगेच कामाला लावा.

पुढची व्यवस्था लावताना भाडे थेट तुमच्या एनआरओ (अनिवासींच्या भारतातील रुपया) खात्यात, डिपॉझिटही तिथेच, आणि कमिशन तुम्ही तुमच्या खात्यातून द्यायचे. नव्या मुखत्यारपत्रात करार नोंदवणे, चाव्या सांभाळणे, दुरुस्ती करून घेणे हे अधिकार लिहा. भाडे किंवा डिपॉझिट स्वीकारण्याचा अधिकार नाही, हे स्वतंत्र कलमात लिहा आणि भाडेकरूच्या करारातही तुमचा खाते क्रमांक छापून घ्या.